व्हीयू३ घेऊन जर्मनी-अमेरिकेला जाताना: कुठलं लायसन्स कुठे चालतं?

सांगलीच्या एका विद्यार्थिनीनं विचारलंय: "माझ्याकडे रिस्ट्रिक्टेड ग्रेडचं हॅम (हौशी रेडिओचं) लायसन्स आहे, व्हीयू३. ऑक्टोबरमध्ये एम.एस.साठी जर्मनीत आखेनला जातेय. भाऊ अमेरिकेत डॅलसला असतो, सुट्टीत तिकडेही जाईन. माझं लायसन्स तिथे चालेल का? जनरल ग्रेड इथूनच देऊन जाऊ का? आणि अमेरिकेची परीक्षा ऑनलाइन दिली तर ते लायसन्स युरोपभर चालतं, असं एकानं सांगितलं. ते खरं का?"

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्यात पैसे आणि वेळ दोन्ही वाया जाण्याची भीती आहे. ते खरं नाही. का नाही, ते पुढे सांगतो. तू मला मुलीसारखी, म्हणून एकेरीत लिहितोय.

आधी एक गोष्ट मनात पक्की कर. लायसन्स स्वतःहून सरहद्द ओलांडत नाही. दोन देशांत किंवा बऱ्याच देशांत मिळून करार झालेला असतो आणि त्या करारात तू बसतेस का, एवढंच बघितलं जातं. बसतेस की नाही हे तीन गोष्टींवर ठरतं: लायसन्स कुठल्या देशानं दिलंय, तुझं नागरिकत्व कुठलं आणि तू तिथे पाहुणी आहेस की राहायला गेली आहेस. ग्रेडचा नंबर यांच्यानंतर येतो. आपले लोक नेमके उलट करतात. "आपलं जनरल म्हणजे अमेरिकेचा सगळ्यात वरचा एक्स्ट्रा वर्ग का?" इथूनच सुरुवात होते, आणि मग विमानात बसल्यावर कळतं की आपला देश त्या यादीतच नाही.

तरी ग्रेडची तुलना थोडक्यात करू, म्हणजे कुठे काय मिळतं त्याचा अंदाज येईल. आपल्याकडे पूर्वी चार प्रकार होते: ॲडव्हान्स्ड, ग्रेड एक, ग्रेड दोन आणि रिस्ट्रिक्टेड. आता दोनच उरले, जनरल आणि रिस्ट्रिक्टेड. एखाद्या देशाच्या तक्त्यात जुनी नावं दिसली तर गोंधळू नकोस. रिस्ट्रिक्टेडला शॉर्टवेव्हवर ५० वॅट, जनरलला ४०० वॅट. रिस्ट्रिक्टेडला मोर्स, म्हणजे टिंब-रेघांची संकेतभाषा, नाही. जनरलला मिनिटाला ८ शब्दांचा मोर्स अजूनही आहे, घ्यायचाही आणि पाठवायचाही. पेपरात रिस्ट्रिक्टेडला प्रत्येक विभागात ४० टक्के आणि एकूण ५० टक्के लागतात. जनरलला ५० आणि ५५.

अमेरिकेत टेक्निशियन, जनरल आणि एक्स्ट्रा अशा तीन पायऱ्या आहेत. पहिल्या दोन परीक्षांत ३५ प्रश्न, त्यातले २६ बरोबर हवेत. एक्स्ट्राला ५० पैकी ३७. मोर्सची अट त्यांनी २३ फेब्रुवारी २००७ ला पूर्ण काढून टाकली. त्याआधी २००३ च्या जागतिक रेडिओ परिषदेत ठरलं होतं की मोर्स ठेवायचा की नाही हे ज्या त्या देशानं ठरवावं. आपण ठेवला, बहुतेकांनी सोडला. ब्रिटनमध्ये फाउंडेशन, इंटरमीजिएट आणि फुल. फेब्रुवारी २०२४ पासून त्यांची कमाल शक्ती अनुक्रमे २५, १०० आणि १००० वॅट. ऑस्ट्रेलियात १०, १०० आणि ४००. कॅनडात बेसिक या पहिल्या परीक्षेलाच ८० टक्के किंवा जास्त गुण पडले तर शॉर्टवेव्ह उघडतं, ही पद्धत मला फार शहाणपणाची वाटते. जपानात चार वर्ग आहेत, आणि आपल्यासारखंच तिथेही माणसाचं प्रमाणपत्र वेगळं, स्टेशनचं लायसन्स वेगळं.

जर्मनीत आता एन, ई आणि ए असे तीन वर्ग आहेत. एन हा २०२४ च्या जूनपासून आलेला नवशिक्यांचा वर्ग, शक्ती फक्त १० वॅट आणि बँड, म्हणजे फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्याही, मोजके. ई वर्गाला शॉर्टवेव्हवर १०० वॅट, ए वर्गाला ७५०.

यावरून तुझ्या लक्षात आलं असेल की "आपलं रिस्ट्रिक्टेड म्हणजे त्यांचं अमुक" असं एकास एक लावता येत नाही. व्हीयू३ ला ५० वॅट आणि शॉर्टवेव्हवर आवाजानं बोलायची मुभा आहे. अमेरिकेच्या टेक्निशियनला २०० वॅट आहेत, पण शॉर्टवेव्हवर आवाज म्हणाल तर फक्त २८.३ ते २८.५ मेगाहर्ट्झ एवढीच पट्टी. बाकी ८०, ४० आणि १५ मीटरच्या बँडवर काही भागात मोर्स. म्हणजे चौदा मेगाहर्ट्झवर विश्रामबागेतून बोलणारी व्हीयू३ मुलगी टेक्निशियन झाली की तिथे गप्प! हे नीट लक्षात ठेव, पुढे याच जागी मी स्वतः चुकलो ते सांगणार आहे.

आता जर्मनी. युरोपातल्या दळणवळण खात्यांची सीईपीटी नावाची संघटना आहे. तिची टीआर ६१-०१ ही शिफारस १९८५ ची. तिच्यामुळे एका सदस्य देशाचा वरच्या वर्गाचा हॅम दुसऱ्या देशात तीन महिन्यांपर्यंत अर्ज न करता, पैसे न भरता हवेवर येऊ शकतो. आपल्या कॉलसाइनच्या (हवेवरच्या ओळखीच्या अक्षरांच्या) आधी त्या देशाचा प्रीफिक्स, म्हणजे ठरलेली अक्षरं, लावली की झालं. दुसरी टीआर ६१-०२. तिच्यात परीक्षेचा समान अभ्यासक्रम ठरवलाय. तो पास केला की हॅरेक नावाचं प्रमाणपत्र मिळतं, आणि ते दाखवून दुसऱ्या सदस्य देशात राहायला गेलेला माणूस तिथलं स्वतःचं लायसन्स काढू शकतो. खालच्या वर्गासाठी नॉव्हिसची वेगळी शिफारस आहे. जर्मनीचा ए वर्ग पहिल्या रांगेत, ई वर्ग नॉव्हिसमध्ये, एन वर्ग कुठेच नाही.

युरोपाबाहेरचे अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, इस्राएल, दक्षिण आफ्रिका असे देशही १९९२ नंतर यात आले. भारत आलेला नाही. म्हणून व्हीयू३ असो की व्हीयू२, म्हणजे जनरलवाला, सीईपीटीच्या दारातून भारतीय लायसन्स आत जात नाही. ४०० वॅट आणि ८ शब्दांचा मोर्स असूनही नाही. मला याचं मनापासून वाईट वाटतं. आपल्या जनरलचा अभ्यास हॅरेकच्या अभ्यासापेक्षा हलका नाही, मोर्स तर त्यात जास्तीचा आहे. पण परीक्षा अवघड असल्यानं मान्यता मिळत नाही. ती मिळते आपल्या खात्यानं तिथे अर्ज करून अभ्यासक्रम जुळवून दाखवला तर.

याची दुसरी बाजू मी माझ्या गच्चीवर पाहिली. काही वर्षांपूर्वी कासला फुलं बघायला जर्मनीहून एक निवृत्त हॅम आले होते, ए वर्गाचे. अर्ध्या जगात त्यांचं लायसन्स खिशातून काढलं की चालतं. भारतासाठी त्यांनी निघायच्या काही महिने आधी अर्ज केला होता. परदेशी माणसाच्या अर्जाची दिल्लीत पडताळणी होते, तिला वेळ लागतो, आणि परवानगी त्यांच्या विमानाच्या तारखेपर्यंत आली नाही. त्यांनी रिग, म्हणजे रेडिओ संच, घरीच ठेवला. शाहूपुरीत माझ्या शॅकमध्ये, म्हणजे रेडिओच्या खोलीत, ते सकाळी सात वाजता येऊन बसले. मी माईकची पिन काढून कपाटात ठेवली, हेडफोन त्यांच्या हातात दिला. चाळीस मीटरवर आपली नेहमीची मंडळी जमली होती, कऱ्हाडात पाऊस किती, कोणाच्या डायपोल अँटेनाची दोरी तुटली, अशा गप्पा चालल्या होत्या. भाषेचं अवाक्षर त्यांना कळत नव्हतं, पण कॉलसाइन कळत होते. कागद हाताशी नव्हता म्हणून कंदी पेढ्यांच्या खोक्याचं झाकण फाडून त्यावर त्यांनी एकेक कॉलसाइन, वेळ आणि सिग्नल किती ते लिहून काढलं. एकूण अकरा. परत गेल्यावर त्या अकराही जणांना त्यांनी ऐकल्याची कार्डं पाठवली. माणूस कायद्यानं वागला म्हणून पुढच्या वेळी अर्ज करताना त्याला मान वर करून लिहिता येईल. तुझ्याकडे कधी परदेशी पाहुणा आला तर त्याला हेच सांग, आणि सॅटेलाइट फोन मुळीच आणू नको हेही सांग. परवानगीशिवाय तो आपल्याकडे जवळ बाळगणंसुद्धा गुन्हा आहे, विमानतळावर लोक अडकलेत.

तर आखेनला तू काय करायचं? तिथे लायसन्स देणारी संस्था म्हणजे बुंडेसनेट्झआगेंटूर. तिला तुझं प्रमाणपत्र आणि लायसन्स दोन्हींच्या स्कॅन प्रती जोडून इमेल कर, "भारतीय लायसन्सवर मला इथे काही परवानगी मिळू शकते का" असं सरळ विचार. उत्तर लेखी येईल ते जपून ठेव. त्या उत्तरावर अवलंबून मात्र राहू नकोस. तू दोन वर्षं राहायला जातेस, पाहुणी नाहीस, त्यामुळे तिथली परीक्षा हाच तुझा खरा रस्ता. प्रश्नसंच जाहीर आहे, त्यातूनच प्रश्न येतात. अडचण एकच, तो जर्मनमध्ये आहे. इलेक्ट्रॉनिक्स तुला येतंच, शब्द शिकायचे आहेत. जर्मन हॅम संघटनेचं, म्हणजे डीएआरसीचं, 'फिफ्टी ओम' नावाचं शिकवणीचं संकेतस्थळ आहे. आत्तापासून रोज दहा प्रश्न वाचलेस तर भाषेचाही अभ्यास होईल.

आणि परीक्षा होईपर्यंत गप्प बसावं लागेल असं नाही. तिथे लायसन्सधारक हॅमच्या देखरेखीखाली शिकाऊ माणसाला हवेवर बोलता येतं. त्या हॅमच्या कॉलसाइनला शेवटी 'ट्रेनी' जोडायचं. गेल्यावर पहिल्या महिन्यात स्थानिक डीएआरसी शाखेच्या बैठकीला जा. आपला देश, आपला बँड, आपला अनुभव सांग. हॅम मंडळी सगळीकडे सारखी असतात, तुला खुर्ची मिळेल.

एन वर्गावर थांबू नकोस, असं माझं आग्रहाचं मत आहे. आखेनची वेस ओलांडली की एकीकडे नेदरलँड्स, दुसरीकडे बेल्जियम. सांगलीहून मिरजेला जावं तसे लोक सायकलवर हद्द ओलांडतात. एन वर्ग घेऊन तू त्या रेषेपलीकडे गेलीस की हँडसेट बंद करावा लागेल. ए वर्ग असेल तर नेदरलँड्समध्ये 'पीए', बेल्जियममध्ये 'ओएन' पुढे लावायचं आणि बोलत राहायचं. शिवाय हॅरेक प्रमाणपत्र हातात येईल. पुढे नोकरी स्वीडनला लागो की इटलीत, पुन्हा परीक्षा नाही.

आता अमेरिका, आणि इथे बातमी चांगली आहे. तिथे लायसन्स देणाऱ्या एफसीसी या सरकारी आयोगाच्या द्विपक्षीय करारांच्या यादीत भारत आहे. तिथल्या नियमाप्रमाणे करार असलेल्या देशाचा नागरिक आपल्या देशाच्या लायसन्सवर थेट हवेवर येऊ शकतो, वेगळा अर्ज नाही. डॅलस पाचव्या विभागात येतं, म्हणून आधी 'डब्ल्यू५' आणि मग तुझा व्हीयू३ चा कॉलसाइन, असं म्हणायचं. पासपोर्ट, भारतीय लायसन्स आणि ऑपरेटरचं प्रमाणपत्र, तिन्ही मूळ कागद जवळ ठेव.

पण मुभा किती? तर दोन्ही देशांच्या नियमांत जे कमी असेल तेवढी. आपल्या लायसन्सच्या अटी लागू, त्यांचे नियमही लागू, आणि कमाल मर्यादा त्यांच्या एक्स्ट्रा वर्गाची. म्हणजे तुला ५० वॅट, कारण घरी ५० आहेत. आता प्रत्यक्ष रेडिओ हातात घेतल्यावर काय होतं ते बघ. आपला दोन मीटरचा बँड १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ. त्यांचा १४४ ते १४८, आणि तिथले बरेचसे रिपीटर (आपला सिग्नल घेऊन पुढे पाठवणारी केंद्रं) १४६ आणि १४७ वर आहेत. भावाच्या घरातून रिपीटर खणखणीत ऐकू येईल, पण तो तुझ्या लायसन्सच्या बाहेर आहे. सत्तर सेंटिमीटरवर आपल्याला ४३४ ते ४३८ एवढंच. त्यांचे रिपीटर बहुतेक ४४० च्या वर. चाळीस मीटरवर आपला बँड ७.०० ते ७.२०, आणि त्यांच्याकडे आवाजाला सुरुवातच ७.१२५ पासून. उरली ७.१२५ ते ७.२०० ही पट्टी. चौदा मेगाहर्ट्झवर त्यांचा आवाजाचा भाग १४.१५० च्या पुढे आहे, तिथे तुला बऱ्यापैकी मोकळी जागा मिळेल. जाण्याआधी ही वजाबाकी एका कागदावर करून रिगला चिकटव.

इथेच माझी चूक झाली होती. मुलीकडे न्यू जर्सीला गेलो होतो. तीन आठवडे मी बाल्कनीतून वायर टाकून चौदा मेगाहर्ट्झवर 'डब्ल्यू२' लावून माझ्या व्हीयू२ वर बोलत होतो, सगळं नियमात. मग तिथल्या क्लबात परीक्षा होती, मी हौसेनं बसलो, टेक्निशियन पास झालो आणि घरी आलो. काही दिवसांनी नवा कॉलसाइन यादीत आला. त्याच संध्याकाळी मी नेहमीप्रमाणे चौदा मेगाहर्ट्झवर जुन्याच कॉलसाइननं हाक दिली. क्लबातल्या एका वयस्कर परीक्षकांनी ते ऐकलं आणि फोन करून शांतपणे सांगितलं, की ज्या दिवशी तुमच्या नावावर एफसीसीचं लायसन्स आलं त्या दिवशी तुमचा पाहुण्याचा हक्क संपला. आता तुम्ही टेक्निशियन आहात, आणि टेक्निशियनला इथे चौदावर जागा नाही. नियमात तसं स्पष्ट लिहिलंय, मी वाचलं नव्हतं. माईक खाली ठेवला तो जनरलचा पेपर पास होईपर्यंत, म्हणजे पूर्ण महिनाभर. भारतात पंचवीस वर्षं चौदावर बोललेल्या माणसाला तो महिना फार लांब वाटला.

म्हणून सांगतो, अमेरिकेची परीक्षा द्यायचीच असेल तर टेक्निशियन आणि जनरल एकाच बैठकीत दे. पहिला पेपर पास झालीस की तिथल्या तिथे पुढचा देता येतो. प्रश्नसंच जाहीर असतो, टेक्निशियनचे चारशेवर प्रश्न आहेत. तुझ्यासारखीला दोन-तीन महिने पुरेत. अमेरिकेतला टपालाचा पत्ता लागतो, तो भावाचा चालेल. लायसन्सची फी ३५ डॉलर, मुदत १० वर्षं. परदेशी नागरिकाला परीक्षेला बंदी नाही.

पण ती युरोपसाठी देऊ नकोस, आणि सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर हेच आहे. अमेरिकन लायसन्स सीईपीटीत चालतं हे अर्धंच ऐकलेलं. एक्स्ट्रा वर्ग पूर्ण हक्काला, जनरल वर्ग नॉव्हिसला चालतो, टेक्निशियन चालतच नाही. आणि या सगळ्याला अट आहे ती धारक अमेरिकेचा नागरिक असण्याची. तू सांगलीत बसून ऑनलाइन एक्स्ट्रा पास झालीस तरी पासपोर्ट भारताचाच राहणार. आखेनमध्ये त्या कागदावर एक शब्दही बोलता येणार नाही. मला असे दोन तरुण माहीत आहेत जे केवळ या समजुतीनं परीक्षा देऊन बसले. अभ्यास वाया जात नाही हे खरं, पण ज्यासाठी दिली ते साधलं नाही.

उरला जनरलचा प्रश्न. जर्मनीत त्यानं दार उघडणार नाही. अमेरिकेत मात्र लगेच फरक पडेल, कारण तिथे तुझी मुभा घरच्या लायसन्सवर मोजली जाते: ५० चे ४०० वॅट होतील. आणि दोन वर्षांनी परत आलीस तर ते तुझंच आहे. तेव्हा दूरसंचार खात्याच्या सरल संचार पोर्टलवर अर्ज आजच भर. ऑक्टोबरच्या आत परीक्षेची तारीख आली तर दे, नाही आली तर परत आल्यावर. निकाल लागला तरी नवा व्हीयू२ कॉलसाइन हाती यायला वेळ जातो, हेही धरून चाल, आणि तोवर व्हीयू३ चाच वापर कर.

मोर्सचा सराव मात्र तारखेची वाट न बघता सुरू कर. मिनिटाला ८ शब्द म्हणजे ४० अक्षरं, दीड सेकंदाला एक. ऐकायला सोपं वाटतं, पण हात अडखळतो. अक्षरं हळू वाजवून शिकू नकोस. अक्षर वेगातच वाजू दे, दोन अक्षरांमधली जागा मोठी ठेव. 'डिट'-'डा' मोजायला लागलीस की आठाच्या पुढे कधीच जाता येत नाही. रोज वीस मिनिटं, पेन्सिलनं कागदावर, आणि एक अक्षर चुकलं तर ते तिथेच सोडून पुढचं लिहायचं. मी शिकवलेली जी मुलं नापास झाली ती जवळपास सगळी याच एका कारणानं: सुटलेल्या अक्षराचा विचार करत बसली आणि पुढची पाच गेली.

सामानाचं थोडक्यात. हँडसेटची लिथियम बॅटरी हातातल्या बॅगेत ठेव, चेक-इनमध्ये नाही. रिग महागडा असेल तर मुंबई विमानतळावर निघताना कस्टमकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट करून घे, म्हणजे परत येताना त्यावर ड्युटीचा वाद होणार नाही. लायसन्सची एक रंगीत प्रत रिगच्या पिशवीतच राहू दे.

आपल्या संध्याकाळी वीस मीटरवर, म्हणजे चौदा मेगाहर्ट्झवर, युरोप साताऱ्यात छान येतो. देखरेखीखाली का होईना, आखेनहून पहिल्यांदा हवेवर येशील तेव्हा आधी वेळ आणि फ्रिक्वेन्सी कळव. अँटेना उत्तर-पश्चिमेला फिरवून ठेवतो. ७३, म्हणजे हॅमच्या भाषेत शुभेच्छा.